काटकोन

निघायच्या आधीच पाऊस आला,
एप्रिलचा, बारीक, बोटं बधिर करणारा.
खालच्या मजल्यावरच्या बेंदेगूझने सायकल दिली
आणि पावाची एक रिकामी पिशवी,
'सीटवर घाला, नाहीतर बूड भिजेल.'
सायकल त्याच्या बायकोची.
ती व्हिएन्नाला गेली, सायकल राहिली.
सीट मी दोन बोटं खाली घेतली.
त्याने पाहिलं. बोलला काही नाही.

चौकात माणसं मावत नव्हती.
कचऱ्याच्या पिशव्यांना भोकं पाडून केलेले अंगरखे,
एका पोराच्या हेल्मेटवर आंघोळीची टोपी,
पुढच्या खोक्यात बसवलेला कुत्रा,
ज्याला हे सगळं मुळीच मान्य नव्हतं.

बुडापेस्टात मी एकतीस वर्षं ट्राम चालवली.
या लोकांना मी काचेतून ओळखते:
पाठमोरे, वाकलेले,
घंटेला भीक न घालणारे.
किती शिव्या दिल्या असतील,
ओठ न हलवता,
कारण मागे प्रवासी बसलेले.
आज त्यांच्यातच उभी, एक पाय जमिनीवर,
आणि कुणीतरी माझ्याच कानाशी
किणकिण किणकिण लावलीय.

निघालो. निघालो म्हणजे सरकलो.
इतक्या हळू की तोल जावा,
पुढच्याच्या मागच्या चाकाचं पाणी
थेट माझ्या तोंडात.
चव लोखंडाची, थोडी मातीची.

हिरव्या पुलाकडे वळताना रूळ आले.
वरून, माझ्या जुन्या खुर्चीतून,
त्या दोन गरीब रेघा होत्या,
सांगितल्या वाटेने जाणाऱ्या.
इथून खाली पाहिलं तर
चाकाएवढीच फट, आ वासून बसलेली,
आणि कडा साबण लावल्यासारख्या.
पुढची हळदी रेनकोटातली बाई तिरकी शिरली
आणि आडवी झाली.

'काटकोनात!' मी ओरडले,
'रूळ काटकोनात ओलांडा!'
असा आवाज माझ्याजवळ आहे हे मलाच माहीत नव्हतं,
इतकी वर्षं घंटाच बोलत होती.
मागच्याने तो उचलला, त्याच्या मागच्याने त्याच्याकडून,
काटकोनात, काटकोनात,
शब्द पावसातून मागे मागे जात राहिला,
पार बाजाराच्या इमारतीपर्यंत.

'आणि मी शाळेत भूमिती शिकवते,'
हळदी बाई म्हणाली, गुडघ्यावरचं रक्त
पावसाला धुऊ देत.
नाव एनिक्यो. हसताना दात वाजत होते तिचे.

पुलाच्या मधोमध सत्तेचाळीस नंबर अडकलेली.
काचांवर वाफ, वाफेत पुसून केलेली भोकं,
भोकांतून डोळे.
चालक तिवादार. त्याला मीच शिकवलं होतं.
घंटा तो लांब दाबत होता, एकसारखी,
'बाजूला व्हा'वाली.
मी टोपी मागे केली. केस चपटे, नाक लाल.
त्याला ओळखायला वेळ लागला.
मग छोटी खिडकी सरकवून एवढंच म्हणाला,
'रोझी, बारा मिनिटं!'

बारा मिनिटं म्हणजे काय, मला ठाऊक आहे.
शेवटच्या थांब्यावरचा चहा किंवा लघवी,
आणि आता दोन्ही नाही.
मला काही बोलायचं होतं.
मागून रेटा आला, मी पुढे गेले.

बागेत सगळ्यांनी सायकली डोक्यावर उचलल्या.
तशी रीतच आहे म्हणे.
माझी छातीपाशीच अडली,
तेव्हा एनिक्योने मागचं चाक धरलं.
वर गेली तशी नळ्यांत साठलेलं पाणी
बाहीतून काखेत, काखेतून कमरेपर्यंत उतरलं,
आणि मी लहान पोरासारखी किंचाळले.
आजूबाजूला हजारो चाकं हवेत,
कुठेच न जाता फिरणारी.

रात्री सायकल परत करताना विचारलं,
'सीट वर करून देऊ?'
बेंदेगूझ साखळी पुसत होता, जुन्या मोज्याने.
'राहू दे,' म्हणाला,
आणि पुसलेलीच कडी पुन्हा पुसू लागला.